निम्मा प्रवाह

मोठ्या बाई सापडल्या तेव्हा त्यांचे दोन्ही तळवे दाराला चिकटलेले होते.

शीतगृहाच्या तीन नंबरच्या खोलीचं ते दार. हमालांनी पहार घालून ते उचकटलं, तेव्हा आधी पांढरी वाफ बाहेर आली आणि वाफेमागून मोठ्या बाई. अंगात जाड कोट होता, कानांवर लोकरीची पट्टी होती. हातमोजे मात्र पायाशी पडले होते. दार ढकलताना हात सटकू नयेत म्हणून त्यांनी ते काढले असावेत.

हे शीतगृह त्यांचंच. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने उभं केलेलं. स्वतःच्याच खोलीत गोठून मरायचं त्यांच्या नशिबी आलं.

फौजदारांनी त्याच दिवशी मेकॅनिकला उचललं. मागच्या खिशात कायम पक्कड असायची म्हणून त्याला सगळे पक्कडच म्हणत. ‘पक्कडला पकडलं’ असा विनोद कुणा हमालाने केला, पण कोणी हसलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी विद्युत निरीक्षक कार्यालयातला फोन वाजला.

“मॅडम, तुमचा अहवाल आजच हवा,” फौजदार म्हणाले. “पोराला उद्या कोर्टात उभं करायचंय. दाराच्या चौकटीत ऊब देणारी तार असते म्हणे. ती ह्याने कमी ताकदीची बसवली. दाराचं रबर गोठलं, दार अडकलं, म्हातारी आत मेली. सरळ हिशेब आहे. तुम्ही फक्त सही करा.”

“सरळ हिशेब मी स्वतः करून बघते,” पलीकडून उत्तर आलं, “आणि मगच सही करते.”

ह्या निरीक्षकबाईंना सगळीकडे ‘मीटरबाई’ म्हणत. कुठल्याही अपघाताच्या जागी गेल्या की त्या आधी मीटर काढत, मग तोंड उघडत. पन्नाशी जवळ आलेली, बांधा ठेंगणा, आवाज हळू. कोठडीतल्या आरोपीलाही त्या अहो-जाहो करत.

त्या आधी कोठडीतच गेल्या. पक्कड भिंतीला टेकून बसला होता. तिशीचा गडी, पण दोन दिवसांत चेहरा पार उतरला होता.

“दाराची तार कोणी बसवली?”

“मीच.”

“कसली होती?”

“दोनशेतीस व्होल्टवर चालणारी, दोनशेतीस वॅटची. तसल्या दोन आणल्या होत्या. एक तीन नंबरला लावली. दुसरी चार नंबरसाठी ऑफिसच्या कपाटात ठेवलीय.”

“बसवल्यावर प्रवाह मोजलात?”

“मोजला ना. एक अँपिअर. बरोब्बर.”

“त्यानंतर?”

“त्यानंतर रोज दिवा बघायचो. तारेतून प्रवाह चालू असला की पॅनेलवरचा दिवा लागतो, तार तुटली की विझतो. त्या दिवशीही लागलेला होता, मॅडम. आईशप्पथ.”

“आत धोक्याची बेल असते, तिचं काय?”

पक्कडने मान खाली घातली. “ती बरेच महिने बंद आहे. सामान मागितलं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी मनावर घेतलं नाही.”

“हे काम कोणाकडे शिकलात?”

पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. “काकांकडे. आमचे व्यवस्थापक. तिथे वायरमन म्हणून लागले आणि एवढ्या वर चढले. पक्कड धरायची कशी, इथपासून त्यांनी शिकवलं मला. त्यांना विचारा, मॅडम. काका खोटं नाही बोलायचे.”

मीटरबाई उठल्या. खोटं बोलणारी माणसं त्यांनी खूप पाहिली होती; ती सहसा दुसऱ्याला साक्षीला बोलावत नाहीत.

शीतगृहाचा बोळ लांब आणि ओलसर होता. एका बाजूला जाडजूड दारांची रांग, दुसऱ्या बाजूला विजेचं पॅनेल. पंख्यांची घरघर इतकी, की दोन हातांवरच्या माणसालाही ओरडून बोलावं लागे.

तीन नंबरच्या दारावर पोलिसांचं सील होतं. समोर हवालदार खुर्ची टाकून बसला होता. मोठ्या बाईंचे जावई बोळात येरझाऱ्या घालत होते. त्यांना कामगार तोंडावर साहेब आणि पाठीमागे जावईबापू म्हणत.

“अहो मॅडम, लवकर उरका,” ते म्हणाले. “आत माल आहे. सगळा धंदाच विकत घेणारी मंडळी यायचीयत. सील असलेलं दार त्यांना काय दाखवू?”

“सासूबाई जाऊन दोनच दिवस झाले.”

“म्हणून काय जगणाऱ्यांनी हातपाय हलवायचे नाहीत?”

तेवढ्यात काका आले. सडपातळ, पिकल्या केसांचे, स्वेटरची सगळी बटणं लावलेले. डोळे रडून लाल झालेले. त्यांनी आधी मीटरबाईंना खुर्ची दिली, मग हात जोडले.

“पोराला वाचवता आलं तर बघा, मॅडम. चूक झाली असेल, पण मनाने वाईट नाही तो.”

“मोठ्या बाई एकट्याच आत का गेल्या?”

“त्यांची सवयच ती. माल स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या.”

“त्या दिवशी काही विशेष कारण?”

“नाही. काहीच नाही.”

“नाही कसं?” जावईबापूंनी मध्येच तोंड घातलं. “सकाळी त्या वसतिगृहाचा फोन आला होता ना? पोरं आजारी पडली, तुमचे मटार तपासा म्हणून.”

“तो त्यांच्या स्वयंपाकघराचा घोळ होता,” काका हळूच म्हणाले. “आपल्या मालाचा काय संबंध?”

“त्या आत गेल्या तेव्हा तुम्ही दोघं कुठे होता?”

“मी फलाटावर गाडी भरून घेत होतो,” काका म्हणाले. “हमालांना विचारा. संध्याकाळपर्यंत हललो नाही.”

“मी माझ्या गाडीत होतो. फोनवर बोलत,” जावईबापू म्हणाले, आणि जरा थांबून, “एकटाच होतो. आता ह्यालाही साक्षीदार आणू का?”

मीटरबाईंनी ऑफिसचं कपाट उघडायला लावलं. खण रिकामा होता.

“दाराच्या तारा दोन आल्या होत्या ना?”

“एकच,” काका म्हणाले. “पोरगा घाबरून गोंधळलाय.”

“मला विचारू नका,” जावईबापूंनी हात झटकले. “मला तारेतलं ओ की ठो कळत नाही.”

बोळाच्या टोकाला सफाईवाल्या मावशी फरशी पुसत होत्या. मीटरबाई त्यांच्याजवळ गेल्या.

“मावशी, त्या दिवशी इथे काय काय धुतलंत?”

“हेच दार की. चांगलं कढत पाणी घेऊन, रबरासकट. पाहुणे यायचेत, दारं चकचकीत करा, असा निरोप आला होता. पण तीन नंबर झाल्यावर म्हणाले, पुरे.”

“निरोप कोणाचा?”

“हमाल म्हणाला, साहेबांचा. इथे दर दोन माणसांमागे एक साहेब आहे, बाई. मी कुठे नाव विचारत बसू?”

मीटरबाई पॅनेलपाशी परतल्या. तीन नंबरच्या दाराचा दिवा लालचुटूक लागलेला होता. त्यांनी झाकण उघडलं. दाब मोजला: दोनशेतीस व्होल्ट. मग टाँगटेस्टर काढला. त्याचा जबडा उघडून नुसता वायरीभोवती धरायचा, की आतून वाहणारा प्रवाह आकड्यात दिसतो.

अर्धा अँपिअर.

त्यांनी जबडा काढून पुन्हा लावला. तोच आकडा. जावईबापू मान उंचावत होते. मीटरबाईंनी मीटर छातीशी धरला.

मनातल्या मनात त्यांनी हिशेब केला. व्होल्टला अँपिअरने भागलं की तारेचा रोध कळतो: चारशे साठ ओहम. व्होल्ट गुणिले अँपिअर, म्हणजे ताकद: एकशे पंधरा वॅट. हवे होते दोनशेतीस. फौजदारांचा हिशेब जुळत होता. पोराने हलकी तार लावली असावी.

“काय दाखवतंय?” जावईबापूंनी विचारलं.

“प्रवाह कमी आहे,” एवढंच मीटरबाई बोलल्या.

काकांनी सुस्कारा सोडला. “घाईत हातून चूक झाली त्याच्या. निम्म्या प्रवाहावर दार कसं मोकळं राहायचं?”

“झालं तर मग!” जावईबापू म्हणाले. “लिहा आणि मोकळं करा आम्हाला.”

“अजून नाही. तारेच्या टोकाला पत्र्याची चकती असते, तिच्यावर वॅट कोरलेले असतात. ती दाराच्या आतल्या डबीत असणार. ती बघितल्याशिवाय मी एक अक्षर लिहिणार नाही.”

हवालदाराने सील तोडलं. दार जागचं हलेना. हमाल पहार घेऊन आला, तसे काका पुढे झाले. “पहारीने रबर फाटेल रे. थांब.” त्यांनी स्वतः कढत पाण्याची बादली आणली आणि दाराच्या फटीवर चोहोबाजूंनी ओतली. बर्फ चरचरला. दार सुटलं.

मीटरबाईंनी जाड कोट चढवला. दारात लाकडी ठोकळा अडकवला, तो स्वतः पायाने ठोकून बघितला आणि हवालदाराला म्हणाल्या, “इथून हलायचं नाही.”

“हललो तर नाव बदला,” हवालदार म्हणाला.

आत जाताच नाकपुड्या आतून कडक झाल्या. एका दिव्याच्या उजेडात मटारच्या खोक्यांच्या रांगा छतापर्यंत गेल्या होत्या. सगळ्यावर पांढरं दव. दाराशेजारीच भिंतीवर डबी होती. त्यांनी झाकणाचे स्क्रू काढले. आत वायरींचा गुंता, आणि त्यात ती चकती. त्यांनी हातमोज्याने बर्फ पुसला.

दोनशेतीस व्होल्ट. दोनशेतीस वॅट.

पक्कड खरं बोलत होता.

मीटरबाई वळल्या, आणि त्याच क्षणी दार बंद झालं.

आवाज मोठा नव्हता. गादी जमिनीवर पडावी तसा. बाहेरची घरघर एकदम पुसली गेली.

त्यांनी आतला दट्ट्या दाबला. कडी सरकल्याचं हाताला कळलं. त्यांनी खांदा लावला. दार किंचित बाहेर गेलं आणि पुन्हा आत आलं. पलीकडून कुणीतरी अंग टाकून उभं होतं. जिवंत माणसाचं वजन कळतं. ते दमतं, पाय बदलतं.

“कोण आहे? दार उघडा! हवालदार!”

त्या ढकलत राहिल्या. थोड्या वेळाने पलीकडचं वजन निघून गेलं, तरी दार हललं नाही. आता तिथे कुणी उभं राहायची गरजच उरली नव्हती. कढत पाण्याने भिजलेलं रबर चौकटीला घट्ट गोठलं होतं.

मोबाइलला रेंज नव्हती. बेलचं बटण त्यांनी माहीत असूनही दाबलं. मग लाथा मारल्या, पेचकसाने फट उकरली. पेचकस हातातून पडला तेव्हा लक्षात आलं, बोटांना तो पडल्याचं कळलंच नव्हतं.

मोठ्या बाईही इथेच उभ्या होत्या. इथेच, ह्याच दाराशी, हेच करत.

घरी आई वाट बघत असेल, जेवणाचं ताट झाकून. ‘उशीर होईल’ असंसुद्धा आपण सांगितलं नाही. ओरडावं, नुसतं ओरडत राहावं असं वाटलं. त्यांनी दोन्ही हात काखेत घातले, डोळे मिटले आणि स्वतःलाच दटावलं: हात दमले, आता डोकं चालव.

चकती म्हणते दोनशेतीस वॅट. म्हणजे दाब दोनशेतीस, प्रवाह एक अँपिअर. म्हणजे रोध दोनशेतीस ओहम. बाहेर मोजला तर चारशे साठ. बरोबर दुप्पट.

तार जुनी झाली म्हणून रोध थोडा इकडेतिकडे होईल. तुटली तर प्रवाहच थांबेल. आतल्या आत जुळली तर प्रवाह उलट वाढेल. पण बरोबर दुप्पट? एकाच तारेचा रोध आपण होऊन बरोबर दुप्पट कधी होत नाही. तिच्या मागे तेवढ्याच रोधाचं दुसरं काहीतरी जोडलेलं असलं पाहिजे. साखळीतल्या दुसऱ्या कडीसारखं. तिच्याच मापाची, जुळी तार.

कपाटातून गेलेली.

आणि दोघींत दाब वाटला गेला की एकेकीच्या वाट्याला निम्मा. दाब निम्मा, प्रवाहही निम्मा. निम्म्याचे निम्मे म्हणजे ताकद चौथाई. दाराला मिळत होते जेमतेम सत्तावन्न वॅट.

मग उरलेले सत्तावन्न कुठे खर्च होतायत?

मीटरबाईंनी डोळे उघडले. ह्या खोलीत कुठेतरी थोडीशी ऊब आहे. जिथे ऊब, तिथे दव नसणार.

त्या पुन्हा डबीशी गेल्या. तारेचं एक टोक पुरवठ्याला जोडलेलं होतं. दुसरं एका तपकिरी वायरीला, आणि ती भिंतीवरच्या प्लॅस्टिकच्या नळीत शिरत होती. नळीतून परत येणाऱ्या दोन वायरी होत्या. एक जुळ्या तारेची असणार, दुसरी बहुधा आतल्या दिव्याची. ह्यातली बरोबर वायर तपकिरीला जुळवली की जुळी तार वाटेतून बाजूला पडेल आणि सगळा दाब दाराच्या तारेवर येईल. पण चुकीची जुळली तर पॅनेलचा स्विच पडेल, आणि दाराला मिळणारी उरलीसुरली ऊबही जाईल.

अंदाजाचं काम नव्हतं. माग काढायलाच हवा होता.

नळी खोक्यांमागे गेली होती. त्यांनी खोकी ओढायला सुरुवात केली. एक खोकं निसटून फुटलं आणि मटारच्या पिशव्या फरशीवर पडल्या. दगडासारख्या खणकन वाजल्या. मीटरबाई क्षणभर थबकल्या. गोठवलेले मटार पिशवीत सुटे असतात, खुळखुळतात. ही तर वीट झाली होती. त्यांनी दुसरं खोकं फोडलं. तिथेही वीट. एकदा वितळून पुन्हा गोठल्याशिवाय असं होत नाही.

वसतिगृहातली पोरं उगाच आजारी पडली नव्हती.

सगळ्यात मागे, लाकडी फळ्यांखाली, एक खोकं खालून ओलं होऊन फुगलं होतं. भोवतीची फरशी दवाशिवाय काळी दिसत होती. तिथे वेटोळं करून ठेवलेली तार होती. टोकाला चकती: दोनशेतीस वॅट. तपकिरी वायर तिच्या एका टोकाला आली होती; दुसऱ्या टोकातून परत जाणारी निळी होती.

निळी. मीटरबाई तो शब्द तोंडाने म्हणत परत आल्या, कारण आता डोक्यावर त्यांचा भरवसा नव्हता. मीटरची, दोन्ही टोकांना चिमटे असलेली वायर त्यांनी पिशवीतून काढली. एक मनगट त्यांनी दुसऱ्या हाताने घट्ट धरलं. एक चिमटा तपकिरीच्या स्क्रूवर. दुसरा निळीच्या. बारीकशी ठिणगी उडाली.

खोलीतला दिवा विझला नाही. म्हणजे स्विच पडला नव्हता.

त्यांनी वायरीभोवती टाँगटेस्टरचा जबडा धरला. एक अँपिअर.

दाराच्या तारेला आता चौपट ताकद मिळत होती. मीटरबाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि जोरात धक्का देत राहिल्या. धक्का, श्वास, धक्का. किती वेळ, ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. मग चौकटीवरून पाण्याचा एक थेंब त्यांच्या मानेवर पडला. असं सुखाचं पाणी त्यांच्या अंगावर आजवर कधी पडलं नव्हतं. पुढच्या धक्क्याला दार सुटलं आणि त्या बोळातल्या ओल्या फरशीवर आदळल्या.

बोळ रिकामा होता.

ऑफिसच्या दारात त्या उभ्या राहिल्या तेव्हा भुवयांवर बर्फ होता. आत तिघे बसले होते. जावईबापूंच्या हातातून फोन पडला. हवालदार ताडकन उठला. काका धावत पुढे आले, अंगावरची शाल त्यांच्या खांद्यावर टाकायला.

“देवा रे! मॅडम, पुन्हा अडकलं का ते दार?”

“शाल नको,” मीटरबाई म्हणाल्या. “फौजदारांना बोलवा. तोवर इथून कोणी हलायचं नाही.”

फौजदार आले. मीटरबाईंनी गरम पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला होता. आवाज नेहमीसारखाच हळू होता.

“पक्कडने तार बरोबर बसवली होती. चकती मी वाचली. नंतर कुणीतरी तिच्या मागे तशीच दुसरी तार जोडली आणि ती खोक्यांमागे लपवली. त्यामुळे प्रवाह निम्मा झाला आणि दाराची ऊब चौथाईवर आली.”

“पण सरळ तार कापायची ना,” फौजदार म्हणाले. “एवढा खटाटोप कशाला?”

“कापली असती तर पॅनेलवरचा दिवा विझला असता, आणि पक्कड रोज दिवा बघतो. त्या दिव्याला एवढंच कळतं की प्रवाह चालू आहे. किती, ते कळत नाही. हे ज्याला ठाऊक, त्यानेच हे केलं. मग मोठ्या बाई आत जाण्याआधी दाराचं रबर कढत पाण्याने धुवायला लावलं. त्या आत गेल्या, दार लागलं, ओलं रबर गोठलं. त्या वेळी खुनी इथे असायची गरजच नव्हती. तो कुठेही असू शकत होता. साक्षीदारांच्या गराड्यातसुद्धा.”

जावईबापू पांढरे पडले. “माझ्याकडे बघू नका. मी त्यांच्याशी भांडायचो, धंदा विका म्हणायचो, पण...”

“तुमच्याकडे मी बघत नाहीये. तुम्ही होता गाडीत एकटे. हा सगळा घाट घालणाऱ्याने स्वतःसाठी साक्षीदार जमवले असते. शिवाय वसतिगृहाची गोष्ट तुम्हीच मला सांगितलीत. ज्याला ती लपवायची होती, तो म्हणाला, काही विशेष नाही. आतल्या मटारच्या विटा झाल्यात, फौजदारसाहेब. माल एकदा वितळला, पुन्हा गोठवला आणि पोरांच्या ताटात गेला. मोठ्या बाई तेच बघायला आत गेल्या होत्या.”



“मी मीटर लावला तेव्हा आकडा फक्त मी पाहिला,” मीटरबाई म्हणाल्या. “तोंडाने म्हणाले, प्रवाह कमी आहे. कमी म्हणजे कितीही असू शकतो. पण तुम्ही म्हणालात, निम्मा. चोराच्या मनात चांदणं, काका. मला ते त्या खोलीत अडकल्यावर आठवलं.”

काकांच्या हातात अजून ती शाल होती. त्यांनी तिची घडी घालायला सुरुवात केली.

“हवालदार,” फौजदार खेकसले, “तुम्ही दार सोडून का गेलात?”

“हमाल आणि जावईबापू आधीच निघून गेले होते. ऑफिसात तुमचा फोन आलाय म्हणून काका बोलवायला आले, साहेब. येऊन बघतो तर फोन बंद. परत गेलो तर दार लागलेलं. काका म्हणाले, मॅडम मागच्या फाटकाने गेल्या, तुम्ही चहा घ्या.”

“मीही आत मेले असते,” मीटरबाई म्हणाल्या, “म्हणजे मोठ्या बाईंच्या मरणाचा दोष दाराच्या माथी पक्का झाला असता. आणि दाराचा दोष पक्कडच्या माथी. ती तार तुम्हाला तिथून काढायचीच होती, पण पोलिसांचं सील आड आलं. मी चकती बघायला निघाले, तेव्हा तुमच्याकडे वेळ उरला नाही.”

काकांनी शालीची घडी टेबलावर ठेवली.

“मशीन बंद ठेवून दुरुस्ती चालली होती,” ते म्हणाले. “चालू करायचं राहून गेलं. माझ्याकडून. उघडून बघतो तर सगळा माल मऊ झालेला. तेव्हाच सांगितलं असतं तर बाई ओरडल्या असत्या, फार तर काढून टाकलं असतं. पण काका चुकत नाहीत, असं सगळी म्हणतात ना. ते ऐकायची सवय झाली होती. म्हटलं, पुन्हा गोठवू, कुणाला कळतंय. मग पोरं आजारी पडली. मग बाई म्हणाल्या, मी स्वतः बघते. मला मागे फिरायला वाटच सापडेना, मॅडम. जिकडे जावं तिकडे दार बंद.”

“ते दार पोराच्या अंगावर लोटलंत,” फौजदार म्हणाले.



संध्याकाळी कोठडीचं कुलूप काढताना मीटरबाईंनी पक्कडला सगळं सांगितलं. तार, खोकी, मटार, सगळं. तो ऐकत होता, पण पोहोचत होतं की नाही, कळत नव्हतं. शेवटी त्याने एवढंच विचारलं, “काकांनी?”

“हो.”

तो अरुंद बोळातून बाहेर निघाला, आणि समोरून काकांना आणलं जात होतं. बोळ एका माणसापुरताच होता. दोघांनाही भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं, अगदी छातीसमोर छाती.

काकांनी त्याच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांची जिभेची सवय.

“जेवलास का रे?”

“हो, काका,” पक्कड म्हणाला.

शिपायाने काकांना पुढे ढकललं. मागे कुलूप वाजलं. मग पक्कडला कळलं, आपण कोणाला उत्तर दिलं. तो तिथल्याच बाकावर खाली बसला, तोंड ओंजळीत धरून. बाहेरचं दार सताड उघडं होतं, मीटरबाई त्याच्यासाठी थांबल्या होत्या, तरी बराच वेळ त्याला उठून बाहेर जाता आलं नाही.